फ्लॉवरबेडमधला कढीपत्ता कुणाचा?

प्रश्न: आम्ही जूनपासून मुलुंडला चौथ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. 11 महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार, 1 लाख डिपॉझिट. करार 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीकडे केला, रजिस्टर केला नाही. दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस, असं त्यात आहे. आयुष्यात पहिल्यांदाच हौस म्हणून रंगाच्या रिकाम्या डब्यांत मिरची, टोमॅटो, पालक लावला. मालकांनी व्हॉट्सअॅपवर लिहिलं होतं, "बाल्कनीत कुंड्या ठेवा, फक्त भिंतीला खिळे नकोत." जागा पुरेना, म्हणून चार डबे बेडरूमच्या ग्रिलमध्ये ठेवले आणि बाल्कनीबाहेरच्या फ्लॉवरबेडमध्ये कढीपत्ता लावला. आता खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी पडतं, त्यांच्या छताला ओल आली, म्हणून सोसायटीची चिठ्ठी आली आहे. मालक म्हणतात, सात दिवसांत घर खाली करा, 40 हजार कापणार. आणि कढीपत्ता घरात रुजलाय, तो घराचाच, त्याला हात लावायचा नाही. काय करू?

उत्तर: ताई, आधी ग्रिलमधले चार डबे आत घ्या, मग पुढचं वाचा. 20 लिटरच्या डब्यात ओली माती भरली की तो 25-30 किलोच्या घरात जातो. म्हणजे चार पावसाळे खाऊन गंजलेल्या ग्रिलवर तुम्ही शंभरेक किलो टांगून ठेवलेत. खाली माणसं ये-जा करतात. निष्काळजीपणानं दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली गुन्हा आहे. कुणाला खरचटलंही नाही, तरी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गंभीर दुखापत झाली तर कैद तीन वर्षांपर्यंत जाते. त्या वेळी "मालकांनी परवानगी दिली होती" हे सांगून सुटका नाही. शिवाय ती परवानगी बाल्कनीची होती, ग्रिलची नव्हती.

हे आधी सांगण्याला आणखी एक कारण आहे. लीव्ह अँड लायसन्समध्ये घराचा हक्क तुमच्याकडे येत नाही, फक्त वापरायची मुभा मिळते. ही व्याख्या 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात आहे. त्याच कायद्याचं कलम 64 तुमच्या कामाचं आहे. मोबदला देऊन मिळालेली मुभा पुरती वापरण्याआधीच मालकानं बाहेर काढलं, तर नुकसानभरपाई मागता येते. पण अट अशी की त्यात तुमचा स्वतःचा दोष नसावा. आज काकूंच्या चादरीवर चिखल पडतोय, म्हणजे दोष तुमच्या पदरात आहे. तो या आठवड्यात झटका. डबे बाल्कनीत आतल्या बाजूला घ्या, खाली खोल ताटल्या ठेवा आणि पाणी घालताना आधी खाली वाकून बघा. ताटल्यांतलं पाणी मात्र साचू देऊ नका. पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं नेमक्या त्याच ताटल्या उचलून बघतात, आणि डासांच्या अळ्या सापडल्या की घरात राहणाऱ्यालाही नोटीस येऊ शकते. मग काकूंकडे जा. नवऱ्याला पाठवू नका, स्वतः जा. पालकाची एक जुडी नेलीत तर माझी हरकत नाही.

आता मालकांचे सात दिवस. करारात एक महिना लिहिलाय, तर सात दिवस कुठून आले? रागातून आले. कुलूप बदलणं किंवा सामान जिन्यात आणून ठेवणं हा घर खाली करून घेण्याचा कायदेशीर मार्ग नव्हे. तसं काही झालं तर 112 ला फोन करा आणि त्याच दिवशी वकील गाठा. पण एक कडू गोष्टही ऐका. मालकांनी उद्या शांतपणे एक महिन्याची लेखी नोटीस दिली, तर तुम्हाला जावं लागेल, मग मिरची कितीही लगडलेली असो. मुदत संपूनही अडून बसलात तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली दुप्पट रकमेचा भुर्दंड बसू शकतो. म्हणून या प्रकरणात जिंकण्यापेक्षा मिटवण्यात तुमचा फायदा आहे.

मिटवायला तुमच्या हातात हुकमाचा एक पत्ता आहे, बहुतेक तुम्हाला तो माहीत नसावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, अगदी 11 महिन्यांचा असला तरी. अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही हा समज इतका पक्का आहे की माझ्याकडे येणारे मालक अजूनही मलाच समजावतात. नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी. ती नसेल तर अटींबद्दल घर भाड्यानं घेणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे मालकांना धमकी म्हणून सांगू नका. आमच्या धंद्यात हा पत्ता पहिल्याच डावात टाकून पस्तावलेली माणसं मी बघितली आहेत. डिपॉझिटच्या बोलणीत गाडी अडली, तरच काढा.

व्हॉट्सअॅपवरचं ते वाक्य जपा. नुसता स्क्रीनशॉट काढून मोकळ्या होऊ नका, मूळ चॅट फोनमध्ये राहू द्या. प्रकरण कोर्टात गेलंच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन असला की ते सोपं जातं. भाजी घरात खाण्यासाठी लावणं हा निवासी वापरच आहे, त्याची काळजी नको. उद्या पालकाच्या जुड्या सोसायटीच्या ग्रुपवर विकायला लागलात, तर मात्र मला वेगळं पत्र लिहा.

सोसायटीचं थोडक्यात सांगतो. तुम्ही सभासद नाही, त्यामुळे सोसायटीचं खरं भांडण मालकांशी आहे. चिठ्ठीला उत्तर मालकांनी द्यायचं. तुम्ही फक्त "डबे आत घेतले, पाणी पडणं बंद केलं" एवढं लेखी कळवा आणि पोच घ्या. जिन्यात किंवा पॅसेजमध्ये एकही कुंडी ठेवू नका. आगीच्या वेळी तीच वाट असते, आणि तिथे सोसायटीचं म्हणणं खरं ठरेल.

40 हजारांचं काय? करार कायदा, 1872 च्या कलम 74 खाली करारभंगाची भरपाई वाजवीच मिळते, आणि नुकसान मोजता येत असेल तर ते सिद्ध करावं लागतं. तोंडानं आकडा सांगून चालत नाही. शिवाय मुंबईत सप्टेंबरात ज्या छताला ओल नाही असं छत दाखवा मला. काकूंच्या छताची ओल तुमच्या फ्लॉवरबेडमधून उतरली, बाहेरच्या भिंतीतून आली की बाथरूमच्या पाइपातून, हे मालक, काकू आणि सेक्रेटरी यांच्या समोर प्लंबरकडून तपासून घ्या आणि त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या. ती फ्लॉवरबेडमधून असेल, तर दुरुस्तीच्या खऱ्या बिलातला तुमचा वाटा द्यायची तयारी ठेवा. कुंडीला दिलेली मुभा फ्लॉवरबेड खणायला लागू होते, असं मी कोर्टात उभा राहून म्हणणार नाही. मुळं जलरोधक थरात शिरली असतील तर मालकांचा राग अगदीच अनाठायी नाही. पण त्याच बिलात सगळं घर रंगवून घ्यायचा त्यांचा विचार असेल, तर तो खर्च त्यांचा. मालकांना असं लिहा: "ग्रिलमधले डबे हटवले आहेत. ओलीचं कारण प्लंबरकडून एकत्र तपासू. माझ्यामुळे झालेलं नुकसान बिलाप्रमाणे देईन. करारात एक महिन्याची नोटीस आहे, तिच्याप्रमाणेच पुढचं ठरवू." एवढंच लिहा, त्यात कलमं घालू नका.

बोलणी फिसकटली तर वकिलाच्या फीचं दडपण घेऊ नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. अर्ज तुमच्या नावानं करा.

राहिला कढीपत्ता. डब्यातली झाडं सरळसरळ तुमचं सामान आहे. सुविधाधिकार अधिनियमाचं कलम 63 सांगतं, की मुभा काढून घेतली तर जागा सोडायला आणि ठेवू दिलेलं सामान न्यायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे. फ्लॉवरबेडमधलं झाड मात्र चौथ्या मजल्यावरच्या स्लॅबवर असलेल्या वीतभर मातीत रुजलंय. ती "जमीन" म्हणायची का, यावर दोन वकील दुपारभर भांडू शकतात, आणि तेवढ्या फीमध्ये नर्सरीतून कढीपत्त्याची बाग येईल. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 मध्ये भाडेपट्ट्यासाठी एक शहाणी सोय आहे: जमिनीत लावलेलं, रोवलेलं भाडेकरूनं ताबा असेपर्यंत काढून न्यावं आणि जागा मिळाली होती तशी करून द्यावी. तुमचा करार भाडेपट्टा नाही, त्यामुळे हे कलम जसंच्या तसं लागू होत नाही, पण मालकांशी बोलायला ते पुरेसं आहे. फ्लॉवरबेड पूर्वीसारखं करून देते, झाड नेते, असं सांगा.

ते हो म्हणाले तर तीन-चार महिन्यांचं रोप आहे, मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट एखाद्या मोकळ्या डब्यात सहज बसेल. उन्हं कलल्यावर काढा. काढण्याआधी आणि नंतर फ्लॉवरबेडचे फोटो घ्या, आणि खालचा थर उघडा पडलेला दिसला तर त्याचा फोटो मालकांना लगेच पाठवा. ते नाहीच म्हणाले, तर दोन फांद्या फोडणीला घ्या आणि झाड तिथेच सोडा.