पाचव्या दिवसाची तयारी आधीच ठेवा

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची, वजन १८ किलो. रात्री जोरात घोरते, मध्येच श्वास अडकतो नि दचकून उठते. घसा दुखणं, ताप हे क्वचितच. डॉक्टरांनी टॉन्सिल्स आणि अ‍ॅडेनॉइड्स काढायला सांगितलेत. एकीकडे साधं ऑपरेशन करतात. दुसरीकडे कोब्लेशन, खर्च बराच जास्त, पण ‘दुखतच नाही’ म्हणाले. शेजारच्या मुलाने ऑपरेशननंतर पाण्याचा घोटही घ्यायला नकार दिला होता, ते आठवून जीव घाबरतो. काय करावं?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, ‘दुखतच नाही’ यावर विसंबू नका. टॉन्सिल मुळापासून काढला की खालचा स्नायू उघडा पडतो आणि प्रत्येक आवंढ्याला तोच आवळतो. हत्यार कुठलंही असो, हे चुकत नाही.

फरक आहे तो उष्णतेचा. कॉटरी म्हणजे विजेने भाजून कापण्याचं साधन, तिच्या टोकाशी तापमान ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. कोब्लेशनमध्ये मिठाच्या पाण्यातून रेडिओलहरींची ऊर्जा देतात, तिथे ते ४० ते ७० अंशांच्या आसपास राहतं. साध्या अवजारांत भाजणं नाहीच. ऐकायला फरक मोठा वाटतो, पण अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१७च्या कोक्रेन आढाव्यात कोब्लेशनमुळे पहिल्या दिवशी दुखणं थोडंसंच कमी आढळलं, आठवड्याने तर फरक जवळपास उरला नाही. उलट २००३-०४मध्ये इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये झालेल्या मोठ्या पाहणीत साध्या अवजारांनी केलेल्या ऑपरेशननंतर रक्तस्राव सर्वांत कमी दिसला. कोब्लेशनची कांडी एकदाच वापरायची असते, बिल वाढतं ते मुख्यतः तिच्यामुळे.

तुम्ही सर्जनना वेगळाच प्रश्न विचारा : टॉन्सिल पूर्ण काढणार की कवच ठेवून आतला भाग? तुमच्या मुलीचा त्रास वारंवार होणाऱ्या संसर्गाचा नाही, श्वासाची वाट अडण्याचा आहे. अशा मुलांत कवच राखून टॉन्सिल खरवडता येतो. स्नायू झाकलेला राहतो, म्हणून दुखणं आणि रक्तस्राव दोन्ही कमी, मूल लवकर जेवायला लागतं. थोड्या मुलांत टॉन्सिल पुन्हा वाढतो, एवढी उणीव आहे. कोब्लेशन अशा रीतीने करणार असतील आणि सर्जनचा हात त्यात बसलेला असेल, तर जास्तीचे पैसे सार्थकी लागतील, असं माझं मत. पूर्णच काढायचा असेल, तर निव्वळ यंत्रासाठी कर्ज काढू नका.

आता घरचं. पहिल्या दिवशी मूल आइस्क्रीम खातं, बोलतं, आणि आईबाप निर्धास्त होतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दुखणं वाढतं. पाचव्या ते सातव्या दिवशी, खपली सुटायला लागते तेव्हा, सर्वांत जास्त. कानही ठणकतो, कारण घसा आणि कान यांची एक नस सामाईक आहे. कान बिघडलेला नसतो. घशात पांढरा थर दिसेल, तोंडाला वास येईल. तो पू नाही, त्यासाठी अँटिबायोटिक मागू नका.

शेजारच्या मुलासारखं होतं ते बहुधा औषध ‘दुखलं तर’ दिल्यामुळे. मूल दुखतं म्हणून पीत नाही, पीत नाही म्हणून घसा कोरडा पडून आणखी दुखतो. पहिला आठवडाभर पॅरासिटामॉल घड्याळ लावून द्या, रात्रीचा डोससुद्धा. किलोमागे १५ मिलिग्रॅम म्हणजे तिला एका वेळी साधारण २७० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी. बाटली मात्र नीट वाचा : कुठल्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असतं, कुठल्यात २५०. चमचा तोच आणि औषध निम्मं, असं सहज होतं. जोडीला आयब्युप्रोफेन चालेल का, ते सर्जनकडून लिहूनच घ्या. अ‍ॅस्पिरिन नको. निमेसुलाइडवर भारतात २०११पासून १२ वर्षांखालच्या मुलांसाठी बंदी आहे, कुणी दिलं तरी घेऊ नका. कोडीनही नको, काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार झपाट्याने होतं आणि श्वास मंदावतो. घोरणाऱ्या मुलांत अशा कारणाने मृत्यू झालेत.

खायला मऊ भात, पेज, खीर, गार ताक, जे उतरेल ते. जेवण दोन दिवस कमी झालं तरी चालेल, पाणी नाही. औषधानंतर अर्ध्या तासाने घोट घोट पाजा आणि शू किती वेळा होते ते पाहा.

तोंडातून ताजं लाल रक्त आलं, किंवा झोपेत ती सारखी आवंढे गिळतेय असं वाटलं, तर सकाळची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा. म्हणून दोन आठवडे प्रवास आणि लग्नकार्यं टाळा.

आणि तिचं घोरणं, श्वास अडकणं मोबाइलवर टिपून ऑपरेशनआधीच सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही दाखवा. पहिली रात्र तिला बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावून हॉस्पिटलमध्येच ठेवायचं की नाही, हे त्यावरून ठरवणं त्यांना सोपं जाईल.