स्मार्ट दिवे बसवले, मग तक्रार आपणच का करायची?

प्रश्न: आम्ही जुळे सोलापूरला राहतो. आमच्या गल्लीतला एक एलईडी दिवा कितीतरी दिवस बंदच आहे, पण मागच्या रस्त्यावरची अख्खी लाईन गेली तर दुसऱ्या दिवशी लगेच माणूस येतो. हे दिवे स्मार्ट आहेत म्हणतात ना, मग एकटा दिवा गेलेला कळत नाही का? आणि काही खांबांवर वर डबी दिसते तो कॅमेरा आहे का? – एक वाचक भगिनी

उत्तर: ताई, तुम्ही जे सांगताय त्यावरून तुमच्याकडे दिवे पॅनलवरून चालत असणार. २०१५ पासून देशभर सोडियमचे पिवळे दिवे काढून एलईडी लावले गेले, त्यात बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत आहे, म्हणजे रस्त्याकडेच्या पॅनलमध्ये मीटर, सिमकार्ड आणि सूर्यास्ताच्या वेळेप्रमाणे चालू-बंद करणारा टायमर. सोलापुरात डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो, जूनमध्ये सातच्या आसपास, ते त्याला आपोआप समजतं. पण त्याला दिसतो फक्त पूर्ण लाईनचा करंट! सगळी लाईन गेली की लगेच अलार्म, आणि तीसचाळीस दिव्यांतला एक गेला तर करंट इतका थोडा कमी होतो की तो सहज निसटतो.

प्रत्येक दिवा स्वतः बोलायला हवा असेल तर प्रत्येकावर वेगळा कंट्रोलर लागतो, आणि ती डबी बहुतेक तोच. आत छोटा रेडिओ असतो, कधी उजेडाचा सेन्सर. कॅमेऱ्याला भिंग असतं, ते खालूनही दिसतं. हा खर्च वाढतो हे खरंय, पण माझं स्पष्ट मत आहे की गल्लीबोळातच तो आधी करावा, कारण होटगी रोडवर एक दिवा गेला तर पुढच्याचा उजेड असतो, गल्लीत तेवढाच एक असतो.

अजून एक गोष्ट फारसं कोणी बोलत नाही. खांबावर कॅमेरा, हवेचा सेन्सर वगैरे लावायचा तर चोवीस तास वीज पाहिजे, आणि पॅनल सकाळी लाईनच तोडत असेल तर ते सगळं दिवसा बंद. दिव्यावर कंट्रोलर असला की लाईन चालू ठेवून फक्त दिवा विझवता येतो. मध्यरात्रीनंतर उजेड कमी करायची सोयही त्यातच, पण ती सरसकट नको हं, पूर्व भागात यंत्रमागाची रात्रपाळी सुटून माणसं घरी जातात, तिथं पूर्ण उजेडच हवा.

एलईडी जातो तेव्हा बऱ्याचदा आतला ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला हवी तशी वीज पुरवणारा भाग, गेलेला असतो, व्होल्टेज उसळलं किंवा उष्णता फार झाली की तो आधी मरतो, आणि आपल्याकडचा उन्हाळा तर तुम्हाला माहितीच आहे. म्हणून तक्रार करताना खांबाचा नंबर द्या, एकच दिवा बंद आहे की शेजारचेही ते सांगा, आणि लुकलुकून गेला की एकदम, तेही. वायरमन मग ड्रायव्हर सोबत घेऊनच येईल.