रात्रीचे आवाज ओळखायचे असतील तर आधी रेकॉर्डिंग करा

दादा, पहिलं म्हणजे घाबरू नका, माळ्यावरून रात्रभर लांब फुस्स फुस्स येतंय असं म्हणताय ना, ती बहुतेक गव्हाणी घुबडाची पिल्लं असतील, भूक लागली की आईबापाला हाक मारतात, लोक साप समजून उगाच काठ्या घेऊन धावतात. प्लीज घरटं हलवू नका, एकेक जोडी ढिगाने उंदीर खाते.

मोबाईलवर एखादा मिनिट रेकॉर्ड करा आणि सोबत वेळ, आवाज छतावरून की जमिनीवरून, एकाच जागी की सरकतोय हे लिहून ठेवा, यातच अर्धी ओळख होते. संध्याकाळी दोघंतिघं मिळून चिर्र चिर्र कलकलाट करतात ते पिंगळे, म्हणजे छोटी घुबडं. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप चांगलं आहे पण त्याला फक्त पक्षी कळतात, उदमांजर नाही.

आणि करवतीने लाकूड कापल्यासारखा खर्र-खर्र दमदार आवाज आला तर तो बिबट्या, तेव्हा टॉर्च घेऊन बघायला अजिबात जायचं नाही, कुत्रं आत घ्या आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. रेकॉर्डिंग टाका इथे, ऐकून सांगतो.