पैसापाणी: वाचक विचारतात
प्रश्न: पोरगा बेळगावात सीए करतोय, शनिवारी निपाणीला आला की 'बोगल बोगल' चालू, पैसे इंडेक्स फंडातच टाका म्हणतो. कोण ओ हा माणूस?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर: जॉन बोगल, अमेरिकेतल्या व्हॅनगार्ड या म्युच्युअल फंड कंपनीचा संस्थापक. जन्म १९२९चा, त्याच वर्षी तिकडं शेअर बाजार कोसळला आणि घरची श्रीमंती गेली, पोरगं स्कॉलरशिपवर शिकलं. १९५१ला वेलिंग्टन या फंड कंपनीत लागला, वर चढत गेला, पण बाहेरच्या पार्टनरांशी केलेलं मर्जर अंगलट आलं आणि १९७४ला त्याच लोकांनी त्याला काढला. गडी गप बसला नाही, त्याच वर्षी व्हॅनगार्ड काढली, आणि खरी गंमत इथं आहे बघा, कंपनीची मालकी फंडांकडं, म्हणजे पैसे घालणाऱ्यांकडंच ठेवली, त्यामुळं स्वतः अब्जाधीश काय झाला नाही. १९७६ला सामान्यांसाठी इंडेक्स फंड आणला, म्हणजे शेअर निवडत न बसता सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले सगळेच शेअर घेणारा, म्हणून कमी खर्चाचा फंड, १५ कोटी डॉलर जमवायचे होते, जमले जेमतेम १.१ कोटी! लोकांनी 'बोगलचा येडेपणा' म्हणून टर उडवली. १९९६ला ऑपरेशन करून हृदय बदललं, तरी २०१९पर्यंत जगला.

त्याचं म्हणणं एवढंच की फंडाला द्यायचा खर्च कमी ठेवा, कारण दहा लाखांवर एक टक्का खर्च म्हणजे वर्षाला दहा हजार, बाजार पडला तरी कापणारच. तुमच्या स्टेटमेंटवर फंडाच्या नावापुढं 'रेग्युलर' असेल तर त्यातच एजंटाचं कमिशन आहे. एजंट खरंच कामाला येत असेल तर राहू दे की, नायतर पोराला 'डायरेक्ट'चं, म्हणजे त्याच फंडाच्या बिनकमिशनच्या प्लॅनचं विचारा.