संघाचे मालक नवरा-बायको वेगळे होत असतील तर खेळाडूंचे पैसे अडकतात का?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: मुलाची एका व्यावसायिक कबड्डी संघात निवड झाली आहे, संघ एका जोडप्याच्या मालकीचा आहे, आणि आता त्या दोघांचं घटस्फोटापर्यंत गेल्याचं कानावर आलंय. मग मुलाला तिथं ठेवावं, की खानापूरला परत बोलवून घ्यावं? बोलवून घेऊ नका. खरं त्या संघाच्या चेकवर सही कोणाची चालते, हे मात्र लवकर काढून घ्या.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची कर आणि कंपनी-कायद्याची कागदपत्रं करतो. आमच्याकडच्या निम्म्याहून जास्त कंपन्या घरच्याच असतात: नवरा एक डायरेक्टर, बायको दुसरी, नोंदणीचा पत्ता राहत्या घराचा. खेळाचा संघही कागदावर यापेक्षा फारसा वेगळा नसतो. जर्सी, ढोलताशे, टीव्हीवरची जाहिरात बाजूला काढली की मागे एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी उरते आणि तिचं एक बँक खातं.

संसार मोडला म्हणून कंपनी बंद पडत नाही. बंद पडतं ते खातं. दोन डायरेक्टरांपैकी एकानं बँकेला पत्र दिलं की 'आमच्यात वाद आहे, माझ्या संमतीशिवाय व्यवहार करू नका', की बहुतेक बँका अंग काढून घेतात. दोघांनी मिळून लिहून द्या नाहीतर कोर्टाचा आदेश आणा, असं सांगतात. दुसरी गोष्ट म्हणजे ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात शिल्लक नसतानाही बँक ठरलेल्या मर्यादेपर्यंत देते ते कर्ज. त्याला सहसा नवरा-बायको दोघांची वैयक्तिक हमी असते, आणि वर्ष संपल्यावर नूतनीकरणाच्या कागदावर पुन्हा दोघांच्या सह्या लागतात. एकजण सही करत नाही. मी पाहिलेल्या एका फौंड्रीत ऑर्डरी भरपूर होत्या, भट्टी चालू होती, माल गाडीत भरलेला होता, आणि कामगारांचा पगार मात्र दिवाळीच्या तोंडावर अडकला. का, तर नवरा-बायकोचं बोलणं फक्त वकिलांमार्फत चालू होतं. कामगारांचा त्यांच्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता.

आता मोठ्या संघांचं बघू. घटस्फोटानं संघ कसा खिळखिळा होतो याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं, लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाचं. फ्रँक मॅककोर्ट आणि जेमी मॅककोर्ट या जोडप्यानं तो २००४ मध्ये सुमारे ४३ कोटी डॉलरला घेतला, तोही बराचसा कर्ज काढून. जेमी नुसती मालकीण नव्हती, संघाची मुख्य कार्यकारी अधिकारी होती. ऑक्टोबर २००९ मध्ये संघ उपांत्य टप्प्याच्या मालिकेला उतरत असतानाच दोघं वेगळे झाल्याची बातमी फुटली आणि त्याच महिन्यात फ्रँकनं तिला नोकरीवरून काढलं. बायकोला नोकरीवरून काढण्याचं पत्र देणं म्हणजे काय प्रकार असेल, तुम्हीच कल्पना करा.

पुढचा मुद्दा आमच्या धंद्यातल्या माणसाला झोप उडवणारा आहे. दोघांनी लग्नानंतर मालमत्तेचा एक करार केला होता: धंदे नवऱ्याचे, घरं बायकोची, म्हणजे धंदा बुडाला तरी घेणेकरी घरांपर्यंत पोचू नयेत. त्या कराराच्या सहा प्रती सह्या होऊन ठेवलेल्या. भांडण झाल्यावर त्या उघडल्या, तर तीन प्रतींच्या परिशिष्टात डॉजर्स नवऱ्याच्या यादीत आणि उरलेल्या तीन प्रतींत यादीबाहेर! डिसेंबर २०१० मध्ये न्यायाधीशानं तो करारच रद्दबातल ठरवला. कॅलिफोर्नियात लग्नानंतर कमावलेलं दोघांचं निम्मं-निम्मं धरतात, त्यामुळे संघाच्या निम्म्या हिश्श्यावर जेमीचा दावा उभा राहिला.

मैदानावर काय झालं? २००८ आणि २००९ ला लागोपाठ उपांत्य टप्प्यापर्यंत गेलेला संघ २०१० मध्ये जिंकला त्याहून जास्त सामने हरला. कोर्टातल्या कागदांतून एकेक भानगड वर्तमानपत्रांत यायला लागली. बोस्टनजवळ राहणारा एक रशियन माणूस टीव्हीवर सामने बघून संघाला लांबूनच 'ऊर्जा' पाठवतो आणि त्याचे त्याला लाखो डॉलर मिळाले, अशीही एक बातमी होती. (आपल्याकडे हेच काम किटबॅगला लिंबू-मिरची बांधून होतं, खर्चही कमी.) प्रेक्षक वैतागले. २००९ मध्ये वर्षभरात ३७ लाखांवर तिकिटं खपली होती, २०११ मध्ये २९ लाखांच्या आसपास. आणि गंमत बघा, त्याच २०११ मध्ये क्लेटन कर्शॉ या त्यांच्या गोलंदाजाला, बेसबॉलच्या भाषेत पिचरला, आपल्या लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. म्हणजे खेळाडू जीव तोडून खेळतच होते.

एप्रिल २०११ मध्ये लीगचे प्रमुख बड सेलिग यांनी संघाच्या रोजच्या कारभारावर आपला माणूस बसवला. फ्रँकला टीव्ही कंपनीशी मोठा करार करून पैसा उभा करायचा होता. सेलिगनी तो नामंजूर केला, कारण त्यातला मोठा वाटा संघाऐवजी मालकाच्या घरच्या भांडणात जाणार असं त्यांचं म्हणणं होतं. त्यानंतर आठवडाभरातच, जून २०११ च्या शेवटी, पगाराची तारीख तोंडावर असताना संघानं दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितलं. त्या कायद्यात तात्पुरतं कर्ज मिळतं, त्यामुळे पगार झाले. शेवटी जेमी १३ कोटी डॉलरवर तयार झाली आणि २०१२ मध्ये संघ २०० कोटी डॉलरवर विकला गेला. तिनं नंतर तडजोड पुन्हा उघडायचा प्रयत्न केला, कोर्टानं ऐकलं नाही. नव्या मालकांकडे त्या संघानं २०२०, २०२४ आणि २०२५ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथल्या बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकली. फ्रँकसाहेबांनी पुढे फ्रान्समधला मार्सेल फुटबॉल क्लब घेतला. अशा माणसांचं काही अडत नाही.

त्याच राज्यातल्या सॅन डिएगो पाद्रेस या बेसबॉल संघाचे तेव्हाचे मालक जॉन मूर्स यांचाही घटस्फोट २००८ पासून चालू होता. तिथं तमाशा झाला नाही, पण खर्चाला कात्री लागली. खेळाडूंच्या पगारांची बेरीज वर्षात सात कोटी डॉलरच्या वरून चार कोटींच्या आसपास आली आणि जेक पीव्ही हा त्यांचा नावाजलेला पिचर २००९ च्या मध्यात दुसऱ्या संघाला दिला गेला. मला विचाराल तर बातम्या येण्यापेक्षा हे वाईट. चांगला खेळाडू का गेला, हे कुणी सांगत नाही.

युरोपात मोनॅको फुटबॉल क्लबचे मालक दिमित्री रिबोलोव्हलेव यांना मे २०१४ मध्ये जिनिव्हाच्या कोर्टानं बायकोला ४०० कोटी स्विस फ्रँकहून जास्त द्यायला सांगितलं. त्याच उन्हाळ्यात हामेस रॉड्रिगेझ हा खेळाडू, ज्याला वर्षापूर्वी साडेचार कोटी युरोला आणलेलं, रेयाल माद्रिदला आठ कोटींच्या आसपास विकला गेला, आणि फाल्काओ हा दुसरा खेळाडू उसना म्हणून मँचेस्टर युनायटेडला. लोकांनी घटस्फोटाशी संबंध जोडला. तसा तो सरळ जोडता येत नाही, कारण युरोपातल्या क्लबांवर त्या वेळी खर्च-उत्पन्नाच्या ताळेबंदाचे नियमही आले होते. पुढच्या वर्षी अपिलात रक्कम सुमारे ५६ कोटी फ्रँकवर आली, नंतर तडजोड झाली. क्लबनं महागडे खेळाडू सोडून तरुण पोरांवर भर दिला आणि २०१६-१७ मध्ये फ्रान्सची लीग जिंकली, त्यात एमबाप्पे होता. उलट चेल्सी या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचे तेव्हाचे मालक रोमन अब्रामोविच यांचा घटस्फोट २००७ मध्ये झाला आणि क्लबच्या चहाच्या कपातसुद्धा लाट उठली नाही. पैसा अफाट, मालकी एकाच हातात, बायको कारभारात नाही.

आता आपल्याकडे. सीमावादात आपली पिढ्यान् पिढ्या गेली, पण या बाबतीत बेळगाव आणि कोल्हापूर यांच्यात काहीच सीमा नाही. दोन्हीकडे १९५५ चा हिंदू विवाह कायदाच. त्यात 'लग्नानंतरचं सगळं निम्मं' असा नियम नाही. शेअर ज्याच्या नावावर, तो मालक. कोर्ट पोटगी ठरवतं, एकरकमी किंवा महिन्याची, आणि ती नवऱ्याची ऐपत बघून. संघाचे शेअर वाटून देत नाही. कायदा खरा बदलतो तो चोर्ला घाट उतरल्यावर. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानं, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, दोघांची मालमत्ता सामाईक आणि हिस्सा निम्मा. आपल्या भागातल्या किती सोयरिकी गोव्याशी आहेत, तुम्हाला सांगायला नको. म्हणून तुमच्या संघाचे मालक गोव्याकडचे असतील आणि लग्न तिथं नोंदवलेलं असेल, तर प्रकरण कॅलिफोर्नियासारखं लांबू शकतं. नसेल, तर भांडण शेअरचं कमी आणि डायरेक्टरपदाचं जास्त असेल. दोघांकडे पन्नास-पन्नास टक्के असतील तर ठराव एकही पास होत नाही, मग एकजण कंपन्यांचे वाद बघणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे जातो. कंपनी कर्नाटकात नोंदवलेली असली तर ते बंगळुरात. तारखा कशा पडतात तुम्हाला माहीत आहे.

भारतात मालकांच्या आपसातल्या वादानं खेळाडूंचं नुकसान झाल्याचं ठळक उदाहरण घटस्फोटाचं नाही, भागीदारांचं आहे. आयपीएलमधला कोची टस्कर्स केरळ. एकच हंगाम खेळला, भागीदारांचं एकमेकांत पटेना, बँक हमी भरली नाही म्हणून बीसीसीआयनं सप्टेंबर २०११ मध्ये संघ रद्द केला. ब्रॅड हॉज या ऑस्ट्रेलियन खेळाडूनं २०२१ मध्ये जाहीरपणे विचारलं होतं की आमचे राहिलेले ३५ टक्के पैसे कुठं आहेत. मालकांनी मात्र लवादात बीसीसीआयविरुद्ध पाचशे कोटींहून मोठा निवाडा मिळवला आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. मालक वकील लावू शकतो. खानापूरचं पोरगं कुठला लावणार?

म्हणून मुलाचा करार हातात घ्या. त्यावर संघाच्या कंपनीबरोबर लीगचीही सही आहे का, आणि संघानं पैसे थकवले तर लीग देणार असं कुठं लिहिलंय का, ते आधी शोधा. हे असेल तर मालकांचं काहीही होवो, तुमची काळजी निम्म्यानं कमी. मग हप्ते बघा. हंगाम सुरू व्हायच्या आत किती मिळतात? निम्म्याहून जास्त रक्कम 'हंगाम संपल्यावर' असेल तर पहिला हप्ता वाढवून मागायची हीच वेळ आहे, कारण अशा वातावरणात संघालाही खेळाडू सोडून जायला नको असतात. दुखापतीचा खर्च विम्यातून आहे की कंपनीच्या खात्यातून, तेही बघा. खातं अडकलं तर दवाखान्याचं बिल तुमच्या अंगावर येईल.

कंपनीचं नाव करारावर असतंच. ते कंपनी मंत्रालयाच्या वेबसाइटवर टाकलं की डायरेक्टर कोण, कधी आले, कधी गेले, बँकेचं तारण किती, हे दिसतं. थोडी फी भरली की वार्षिक कागदही उघडतात. गेल्या काही महिन्यांत दोघांपैकी एकाचं नाव कमी झालेलं दिसलं तर ती वाईट बातमी समजू नका. उलट सही एका हातात आली, पैसे सुटायला सोपं. दोन्ही नावं तशीच असतील आणि हप्ता ठरल्या तारखेला आला नाही, तर पंधरा दिवस थांबून लीगच्या कार्यालयाला ईमेल करा, संघाच्या मॅनेजरला प्रत पाठवून. फोनवर गोड बोलतात आणि नंतर त्याचा पुरावा राहत नाही. आणि कराराची प्रत मुलाकडे नसेल (बहुतेक पोरं सही करून सगळे कागद मॅनेजरच्या हातात देऊन येतात) तर आज रात्रीच त्याला फोन करून परिशिष्टांसकट सगळ्या पानांचे फोटो मागवून घ्या.