ब्रिटनमधली यॉमनरी म्हणजे खरं सैन्य होतं की जमीनदारांची हौस? एखाद्या रेजिमेंटचा इतिहास सांगाल का?

हौसही होती आणि सैन्यही खरं होतं. तुम्ही मध्ये 'की' घातलात तिथेच माझं तुमच्याशी जमत नाही. रेजिमेंटच हवी असेल तर नॉटिंगहॅमशायरची शेरवुड रेंजर्स घ्या. तिच्यावर मी बरंच वाचलं आहे. त्याला एक कारण आहे, ते पुढे येईलच.

१७९४ साली फ्रान्सशी लढाई सुरू होती आणि फ्रेंच फौज इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरेल अशी धास्ती होती. तेव्हा सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत स्वयंसेवक घोडेस्वार उभे करायला सांगितलं, तीच यॉमनरी. अधिकारी जमीनदार, शिपाई म्हणजे त्यांची कुळं आणि आसपासचे खाऊनपिऊन सुखी शेतकरी. घोडा ज्याचा त्याने आणायचा. शेरवुड रेंजर्सची सुरुवात यातलीच. फ्रेंच काही आले नाहीत. पुढची शंभर वर्षं यॉमनरीच्या वाट्याला वार्षिक कवायत, झगमगीत गणवेश आणि दंगे मोडायचं काम आलं. परदेशात लढायला जायची सक्ती त्यांच्यावर नव्हती. डिसेंबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर (डच वंशाच्या) शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात ब्रिटिशांना तीन ठिकाणी धूळ चारली, तेव्हा कुठे लंडनला या स्वयंसेवकांची आठवण झाली आणि 'इंपीरियल यॉमनरी' नावाने त्यांच्या तुकड्या आफ्रिकेला निघाल्या. शेरवुड रेंजर्सची माणसंही त्यात होती. १९०८ मध्ये सगळे स्वयंसेवक 'टेरिटोरियल फोर्स' या अर्धवेळ सैन्यात आणले गेले.

आता टेरिटोरियल हा शब्द आलाच आहे तर सांगतो. मी स्वतः आपल्या टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे टीएत होतो. बँकेत नोकरी आणि वर्षातून कॅम्प. २००१ च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला, सैन्य सीमेकडे सरकलं आणि आमच्या युनिटलाही बोलावणं आलं. शाखेतल्या साहेबांनी पत्र वाचून, 'सुट्टीसाठी हे बरं निमित्त काढलंत' असं सगळ्या स्टाफसमोर म्हटलं. मुलगी लहान होती. मी जम्मूकडे एका पुलावर पहाऱ्याला होतो. पराक्रम केला असं मी कधीच म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण रात्रीच्या धुक्यात त्या पुलावर जी रायफल हातात होती, ती नियमित सैन्यातल्या जवानाच्याही हातात तीच असते.

माझी सासुरवाडी साताऱ्याकडची, घरटी एक फौजी. सासरे मराठा लाइट इन्फंट्रीचे. बायकोचे थोरले भाऊ, आमचे दादा, रणगाडा दलातून रिसालदार होऊन निवृत्त झाले. सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला घर पाहुण्यांनी भरलं होतं. पंगतीत शेजारी एक निवृत्त कर्नल बसले होते. त्यांनी ओळख करून घेताना मला विचारलं, 'आणि आपण कुठल्या युनिटचे?' मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, 'हे आमचे रविवारचे शिपाई. बोलावलं तर येतात, नाहीतर बँकेत पासबुकं भरतात.' पंगत हसली. कर्नलसाहेबांनी तरी सांभाळून घ्यावं, तर ते म्हणाले, 'इंग्रजांची यॉमनरी होती ना, तसंच हे.' दादांना तेवढंच पुरलं. 'कोल्ह्यामागे घोडी पळवणारी सावकारांची पोरं ती! हैफा आपल्या लोकांनी घेतलं तेव्हा ही मंडळी मागे तंबूत चहा पीत होती.' मी ताटाकडे बघत राहिलो. त्या घरात थोरल्या मेहुण्याला उलट उत्तर देण्याची पद्धत नाही. बायको जिलबी वाढत होती. ती थांबली आणि भावाला म्हणाली, 'दादा, पुलावर उभं करताना यांना कुणी वार विचारला नव्हता.' मग कुणी हसलं नाही. सासऱ्यांनी तिला अजून एक जिलबी वाढायला सांगितलं, विषय तिथे संपला.

माझ्यासाठी संपला नाही. दादांची आठवण काढतच मी शेरवुड रेंजर्स वाचली. आता हैफाचं, पॅलेस्टाइनमधल्या त्या बंदराचं बघा.

पहिल्या महायुद्धात, १९१८ च्या सुरुवातीला पॅलेस्टाइनमधून यॉमनरीच्या बऱ्याच रेजिमेंट फ्रान्सला हलवल्या आणि फ्रान्समधलं भारतीय घोडदळ पॅलेस्टाइनला आणलं. शेरवुड रेंजर्स मात्र तिथेच राहिली. ५ व्या कॅव्हलरी डिव्हिजनच्या १४ व्या ब्रिगेडमध्ये तीन रेजिमेंट होत्या. एक शेरवुड रेंजर्स, दुसरी २० वी डेक्कन हॉर्स आणि तिसरी ३४ वी पूना हॉर्स. ज्या पूना हॉर्सचं नाव घेताना दादांची छाती फुगते, जिचं मूळ १८१७ च्या पुण्यात आहे, तिच्या ब्रिगेडमध्ये ही 'सावकारांची पोरं' होती. एकच कूच, तेच पाणी, तेच ऊन. सप्टेंबरात तुर्कांची फळी फुटल्यावर हे सगळे घोडे एकाच वाटेने उत्तरेकडे निघाले.

२३ सप्टेंबरला हैफा पडलं. जोधपूर लान्सर्सनी, म्हणजे जोधपूर संस्थानाच्या घोडदळाने, मशीनगनच्या तोंडावर घोडे घातले, मेजर दलपतसिंग त्यात कामी आले. ते श्रेय जोधपूरचं आणि म्हैसूरचं आहे, त्यात कुणी वाटेकरी व्हायचं कारण नाही. दिल्लीतल्या तीन मूर्ती या जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद लान्सर्सच्याच आहेत, ते योग्यच आहे. पण शहराच्या डोक्यावर कार्मेलचा डोंगर आहे आणि तिथे तोफा होत्या. त्या चढावर म्हैसूरच्या एका स्क्वाड्रनसोबत (स्क्वाड्रन म्हणजे रेजिमेंटमधली एक तुकडी) शेरवुड रेंजर्सचाही एक स्क्वाड्रन होता. तंबूत चहा पीत कुणी नव्हतं.

त्याच्याही आधीचं तुर्कस्तानातलं गॅलिपोली मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ऑगस्ट १९१५ मध्ये या घोडेस्वारांना घोडे इजिप्तमध्ये ठेवून गॅलिपोलीतल्या सुव्हलाच्या किनाऱ्यावर पायदळ म्हणून उतरवलं. २१ ऑगस्टच्या दुपारी त्यांनी आटलेलं खारं सरोवर ओलांडलं. झाडाचा आडोसा नाही, वरून तुर्की तोफांचे श्रॅपनेल, म्हणजे हवेत फुटून छर्रे उडवणारे गोळे, फुटतायत आणि माणसं रांग न मोडता चालली आहेत. समोरच्या सिमिटर टेकडीवरचं झुडूप गोळ्यांनी पेटलेलं. शेरवुड रेंजर्सचे कमांडर सर जॉन मिलबँक तिथेच पडले. हे मिलबँक मूळचे नियमित सैन्यातले, १० व्या हुसार्स या घोडदळ रेजिमेंटमधले. १९०० साली आफ्रिकेत एका जखमी शिपायाला गोळीबारातून घोड्यावर घालून परत आणल्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला होता. हल्ल्याआधी त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना सांगितलं की जे ठाणं घ्यायचंय ते नेमकं कुठे आहे मला ठाऊक नाही, आणखी कुणाला ठाऊक असेल असंही वाटत नाही, पण आपल्याला पुढे जायचंय. व्हिक्टोरिया क्रॉसवाला माणूस या हौशी लोकांचं नेतृत्व करायला तयार होता आणि त्यांच्यासोबत मेला. कुणाला रविवारचा शिपाई म्हणायचं हे मिलबँकना आमच्या पंगतीपेक्षा जास्त कळत असावं.

दुसऱ्या महायुद्धाचं थोडक्यात सांगतो, कारण ते इंटरनेटवर सहज मिळतं. १९४० मध्ये ही रेजिमेंट घोडे घेऊन पुन्हा पॅलेस्टाइनला गेली. मग घोडे काढून घेतले आणि त्यांना लिबियातल्या टोब्रुक आणि ग्रीसच्या क्रीट बेटावर किनाऱ्यावरच्या तोफांवर बसवलं. मग रणगाडे दिले. १९४२ च्या शरदात हेच लोक इजिप्तमधल्या अल अलामेनला रणगाडे घेऊन लढत होते. त्यांचे कमांडर राहिलेले केलेट, जे ब्रिटिश संसदेचे सदस्यही होते, मार्च १९४३ मध्ये ट्युनिशियात मारले गेले. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या गोल्ड बीचवर पाण्यावर तरंगणारे रणगाडे घेऊन ते उतरले, दुसऱ्या दिवशी पायदळासोबत बायो या गावात शिरले आणि नोव्हेंबरात जर्मनीतल्या गायलेनकिर्खेनला अमेरिकन ८४ व्या डिव्हिजनच्या मदतीला होते. घोड्यावरून तोफेवर, तोफेवरून रणगाड्यावर, हे सगळं जेमतेम दोन-अडीच वर्षांत. दादांनी आयुष्यभर रणगाडाच हाताळला. दोन-अडीच वर्षांत दोनदा शस्त्र बदलणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं. नियमित सैन्यातल्या माणसाला स्वयंसेवकाकडे खालच्या नजरेने बघायची सवय असते आणि ती सगळ्या देशांत सारखीच वाईट आहे, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता काही गोष्टी सांगितल्या नाहीत तर उत्तर एकतर्फी होईल. यॉमनरीच्या हातून झालेलं सर्वात लाजिरवाणं काम १८१९ चं. १६ ऑगस्टला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर मतदानाचा हक्क मागायला जमलेल्या साठ हजारांच्या आसपास लोकांमध्ये मँचेस्टर अँड सॅलफर्ड यॉमनरी तलवारी उपसून घुसली. पंधरा-अठरा माणसं मेली, शेकडो जखमी झाली. ती शेरवुड रेंजर्स नव्हती. पण नॉटिंगहॅमशायरमध्येही १८११ पासून यंत्रं फोडणाऱ्या विणकरांविरुद्ध यॉमनरी वापरली गेलीच. पोटासाठी रस्त्यावर आलेल्या लोकांवर त्यांच्याच जमीनदाराने घोडा घालावा, हे मला अजिबात मान्य नाही. शिवाय १९४४ पर्यंत रेजिमेंटमध्ये सक्तीच्या भरतीने आलेले जवान भरपूर होते, म्हणजे सगळे स्वयंसेवक होते असं म्हणता येत नाही. आणि १९६७ पासून शेरवुड रेंजर्स स्वतंत्र रेजिमेंट राहिलेली नाही, रॉयल यॉमनरीतला एक स्क्वाड्रन आहे.

तुमच्या घरात कुणी टीएत जायचं म्हणत असेल तर अडवू नका. १९४८ च्या टेरिटोरियल आर्मी कायद्यात बोलावणं संपल्यावर पूर्वीची नोकरी परत मिळण्याची तरतूद आहे. ते कलम वाचून ठेवा, साहेब काहीही म्हणोत. नातेवाईक काय म्हणतील याचीही तयारी ठेवा.

हे उत्तर मी दादांना पाठवणार आहे. दादा, टीएबद्दल तुमचं मत तुमच्यापाशी ठेवा. पण कार्मेलच्या चढावर शेरवुड रेंजर्सचा स्क्वाड्रन होता, एवढं त्या कर्नलसाहेबांना फोन करून सांगा.