टीबी वाईट सवयींमुळे होतो का?

तुम्ही विचारलंय, "झोपडपट्टी सोडून पक्क्या इमारतीत गेलेल्यांनाही टीबी का होतो? सवयी बदलत नाहीत म्हणून का?" नाही. सवयींचा दोष फार थोडा, आणि हे मी सोसून सांगतेय.

रस्त्याच्या कामात आमची झोपडी गेली आणि मानखुर्दला २२५ चौरस फुटांची खोली मिळाली. पहिला मजला. समोरची इमारत जेमतेम तीन मीटरवर. मधल्या बोळात वरून कचरा पडतो, घुशी फिरतात, म्हणून खिडकी कायम बंद. भर दुपारी ट्यूब लावून भाजी निवडायची. सकाळच्या फोडणीचा ठसका संध्याकाळपर्यंत घरात. झोपडीचा पत्रा तापायचा खरा, पण दार सताड उघडं असायचं, ऊन आत यायचं. इथे मुलगी बारावीला असताना तिला टीबी निघाला. मोठे भावजी बघायला आले, दारातच उभे राहिले आणि तिच्यादेखत मला म्हणाले, "पोरगी जेवत नाही, वडापाव खाते, तुझं लक्ष नाही." त्यांच्या डोंबिवलीच्या घरात दोन्ही बाजूंनी वारा खेळतो. त्यांच्या मुलीही वडापाव खायच्याच, त्यांना काही झालं नाही. आमच्या जिन्यात तेव्हा खालच्या मजल्यांवर किती घरांत गोळ्या चालू होत्या! सगळ्यांच्याच आया निष्काळजी होत्या का?

टीबी हवेतून पसरतो. कोंदट खोलीत जंतू तासन्‌तास तरंगतात, वारा असला तर निघून जातात, उन्हात मरतात. डॉक्टर्स फॉर यू ही डॉक्टरांची संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी गोवंडी-मानखुर्दच्या अशा वसाहतींची पाहणी केली तेव्हा हेच निघालं: खालच्या मजल्यांवर उजेड-वारा कमी, टीबी जास्त.

दुसरं कारण पोट. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना दरडोई महिना ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, तर त्यांच्यातला टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. २०२३ मध्ये हे छापून आलंय. आणि पोटाची गोष्ट जन्माआधीच सुरू होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा माग ठेवताहेत. आईचं पोषण अपुरं असेल तर बाळ वजनाला कमी पण अंगात चरबी राखून जन्मतं, पुढे मधुमेहाकडे झुकतं. मधुमेह झाला की टीबीचा धोका दुप्पट-तिप्पट. हे सगळं वडापाववर ढकलणं सोपं असतं, कारण मग घर बांधणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही.

हां, विडी-दारूने धोका वाढतो हे खरं. गोळ्या मध्येच सोडल्या तर औषध लागू पडेनासं होतं, तिथे घरच्यांची जबाबदारी आहेच. आणि अंधाऱ्या घरातल्या प्रत्येकाला टीबी होतो असंही नाही. जंतू अंगात असूनही बहुतेकांना जन्मभर काही होत नाही.

तुमच्या ओळखीत कोणाला निघाला असेल तर घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी करून घ्या, खोकला नसला तरी. पोषणासाठी सरकारकडून महिना १००० रुपये मिळतात, ते मागून घ्या. भेटायला जाताना अंडी, शेंगदाणे, डाळ न्या आणि आत जाऊन बसा. औषध लागू पडलं की काही आठवड्यांत लागण व्हायची भीती बरीच उतरते, दारातून चौकशी करायची गरज नसते.